बंबामागचे दल

आग लागली की लोक बंबाची वाट पाहतात आणि आग विझली की बंबाचीच चर्चा करतात. बंब वेळेवर आला का, त्यात पाणी होते का, नळी फाटली होती का, यावर चार दिवस पारावर वाद रंगतो आणि मग सारे शांत होते. नगर परिषदेच्या सभेत विषय निघालाच तर नव्या बंबाची मागणी होते. ठराव होतो, यथावकाश गाडी येते, नारळ फुटतो, वर्तमानपत्रात छायाचित्र छापून येते. अग्निशमनाच्या व्यवस्थेचा हिशेब आपल्याकडे असा गाड्यांच्या संख्येवर मांडला जातो. वस्तुतः घंटा वाजवीत रस्त्याने धावणारी लाल गाडी हे त्या व्यवस्थेचे केवळ टोक आहे. त्या टोकामागे जे उभे असावे लागते ते लोकांच्या नजरेस पडत नाही आणि जे नजरेस पडत नाही त्याची मागणीही कोणी करीत नाही.

सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरसारख्या गावाच्या बाबतीत या अदृश्य बाजूचा विचार अधिक निकडीचा ठरतो. कोरेगाव तालुक्यातील हे गाव विसेक हजार वस्तीचे. स्वतःची नगर परिषद, पुणे-मिरज लोहमार्गावरील स्थानक, जुनी बाजारपेठ आणि भोवती उसाची व आल्याची शेती. जिल्ह्याचे ठिकाण पंचवीस-तीस किलोमीटरवर. पाण्याने भरलेली जड गाडी साताऱ्याहून निघाली, रस्ता मोकळा मिळाला, तरी तिला यायला पाऊण तास धरावा लागतो. उलट, सामानसुमानाने भरलेल्या बंद खोलीत लागलेली आग पाच-दहा मिनिटांत खोली व्यापते. म्हणजे बाहेरगावची मदत येते ती बहुधा पेटलेले घर वाचविण्यासाठी नसते, शेजारचे घर वाचविण्यासाठी असते. पहिल्या दहा मिनिटांचा प्रश्न गावालाच सोडवावा लागतो.

कायदाही तेच सांगतो. महाराष्ट्र नगर परिषद अधिनियम, १९६५ याने आग विझविणे आणि आगीच्या वेळी जीवित व मालमत्ता यांचे रक्षण करणे हे नगर परिषदेचे आवश्यक कर्तव्य मानले आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवेचा स्वतंत्र उल्लेख आहे. तेव्हा हे काम ऐच्छिक नाही आणि गाव लहान म्हणून ते टळतही नाही. प्रश्न एवढाच की, ते करायचे म्हणजे नेमके काय करायचे?

पहिला विभाग : ऐकणारा कान

मोठ्या शहरांच्या दलांकडे पाहिले की या प्रश्नाचे उत्तर मिळू लागते. मुंबईचे अग्निशामक दल १८८७ मध्ये पालिकेच्या व्यवस्थेत आले. त्याचे मुख्यालय भायखळ्याला आहे. तेथील नियंत्रण कक्ष हा या दलाचा मेंदू होय. १०१ या क्रमांकावर आलेला दूरध्वनी घेणारा माणूस आग विझवीत नाही. पण आग विझणार की पसरणार याचा अर्धा निर्णय त्याच्या प्रश्नांवर अवलंबून असतो. काय पेटले आहे? कितव्या मजल्यावर? आत कोणी अडकले आहे का? जवळची खूण कोणती? गाडी कोणत्या बाजूने आत येऊ शकेल? या पाच प्रश्नांच्या उत्तरांवरून कोणत्या केंद्रातील कोणत्या गाड्या निघाव्यात हे ठरते. घटनास्थळी पोहोचलेला अधिकारी बिनतारी यंत्रावरून परिस्थिती कळवितो आणि त्यानुसार शिडीची गाडी, पाण्याचे टँकर, रुग्णवाहिका, वीज तोडणारे कर्मचारी यांची जुळवाजुळव होते.

माहिती वेळेवर मिळाली नाही तर काय होते, हे मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिले. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापसाच्या गासड्या आणि स्फोटके एकत्र भरलेली होती. स्फोटके असल्याची खूण म्हणून लावावयाचा लाल बावटा जहाजावर नव्हता. कापसाला लागलेली आग विझविण्याची शर्थ चालू असतानाच दुपारी चारच्या सुमारास पहिला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा स्फोट झाला. अग्निशामक दलाचे ६६ जण त्यात बळी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो. त्या दिवशी शौर्य कमी पडले नाही. जळत्या मालाविषयीची निश्चित माहिती आणि तिच्यावर तत्काळ घेतला जाणारा निर्णय कमी पडला.

लहान गावात मात्र आग लागली की कोणी नगरसेवकाला फोन लावतो, कोणी पोलीस ठाण्याला, कोणी ओळखीच्या चालकाला. एकाच आगीची वर्दी चार ठिकाणी जाते आणि चौघांपैकी प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने गाडी काढली असेल. अहोरात्र माणूस असलेले एक टेबल, एक क्रमांक, भिंतीवर गावाचा नकाशा आणि वर्दीची वेळ लिहिण्याची वही यांना फार पैसा लागत नाही. पण बंबाच्या खरेदीबरोबर या गोष्टी आपोआप येत नाहीत.

दुसरा विभाग : पाण्याचे गणित

बंबात पाणी असते, एवढ्यावर लोकांचे समाधान होते. ते किती वेळ पुरते हे कोणी विचारीत नाही. मध्यम आकाराच्या गाडीत साडेचार हजार लिटर पाणी मावते असे धरू. साडेबारा मिलिमीटरच्या तोटीतून पुरेशा दाबाने मारा केला तर मिनिटाला सुमारे २८० लिटर पाणी जाते. अशा दोन तोट्या चालू ठेवल्या की आठ मिनिटांत टाकी रिकामी! त्यानंतर गाडी पाण्यासाठी जाते, आणि ती परत येईपर्यंत दबलेली आग पुन्हा डोके वर काढते. ‘बंब आला होता, पण पाणी संपले’ या नित्याच्या तक्रारीमागे कोणाचा हलगर्जीपणा असेलच असे नाही. पुष्कळदा त्यामागे हे साधे गणित असते.

मुंबईसारख्या शहरात या गणितासाठी जलवाहिन्यांवर हायड्रंट बसविण्यात आले. त्यांतील अनेक रस्त्यांच्या थरांखाली बुजले, काहींचा दाब गेला, म्हणून दलाला टँकरांवर विसंबावे लागते. तरी कोठले पाणी कोठे आहे, याची नोंद ठेवणे हे दलाचे कामच असते. रहिमतपुरात पाणी उपसण्याची विद्या नवी नाही. रणदुल्लाखानाच्या मशिदीजवळचा हत्तीच्या मोटेचा मनोरा गॅझेटियरकारांनीही नोंदविला आहे. परंतु आगीच्या वेळी विहिरी असून भागत नाही, त्यांतले पाणी वेळेवर वर यावे लागते. येथे दोन अडचणी उभ्या राहतात आणि दोन्ही आधी लक्षात आलेल्या बऱ्या.

पहिली निसर्गाची. बंबाचा पंप खालून पाणी ओढतो ते हवेच्या दाबाच्या बळावर. पुस्तकातली मर्यादा सुमारे दहा मीटरची असली तरी प्रत्यक्षात सात मीटरच्या खालचे पाणी तो भरवशाने ओढू शकत नाही. चैत्र-वैशाखात, म्हणजे आगी सर्वाधिक लागतात त्याच दिवसांत, विहिरीची पातळी त्याहून खाली गेलेली असते. दुसरी अडचण विजेची. आग लागली की पहिली गोष्ट म्हणून त्या भागाची वीज तोडतात, आणि तोडलीच पाहिजे. पण त्याबरोबर विहिरीवरचे पाणबुडी पंपही बंद पडतात. यावर उपाय आहेत. उंच टाकीला बंब थेट भरता येईल अशी मोठी तोटी ठेवणे, डिझेलवर चालणारा हलता पंप बाळगणे, कोणत्या विहिरीला कोणत्या महिन्यात किती खोल पाणी असते याची नोंद करणे, हे ते उपाय होत. पाणीपुरवठ्याचा मुकादम आणि बंबाचा चालक यांनी वर्षातून एक दिवस एकत्र फिरून हा नकाशा तयार केला तर त्याचे मोल आणखी एका गाडीइतके होईल.

तिसरा विभाग : धुराशी झुंज

आगीत मरणारे बहुतेक लोक ज्वाळांनी मरत नाहीत, धुराने मरतात. भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे आग लागली, तेव्हा दहा अर्भकांचा मृत्यू झाला. त्यांतील बहुतेकांचा जीव गुदमरून गेला. सात बालकांना वाचविता आले. त्याच वर्षी विरारच्या आणि अहमदनगरच्या रुग्णालयांतही रुग्ण अशाच आगींना बळी पडले.

धुरात शिरावयाचे तर जवानाच्या पाठीवर स्वतःची हवा हवी. त्यासाठी श्वसनसंच असतो. सहा लिटरच्या नळकांड्यात तीनशे पट दाबाने हवा भरली तर ती सुमारे अठराशे लिटर होते. कष्टाच्या कामात माणूस मिनिटाला चाळीस लिटर हवा वापरतो असे धरले तर हा साठा पाऊण तास पुरतो. भीतीने आणि श्रमाने श्वास वाढला की त्याहून कमी. दाब ठरावीक मर्यादेखाली उतरला की शिट्टी वाजते आणि जवानाने मागे फिरावयाचे असते. कोण केव्हा आत गेला, त्याची हवा केव्हा संपणार, हे बाहेर फळ्यावर मांडून बसणारा एक माणूस लागतो. रिकामी नळकांडी भरण्यासाठी शुद्ध हवेचा कॉम्प्रेसर लागतो. वाहनाच्या चाकात हवा भरणारे यंत्र येथे चालत नाही, कारण त्या हवेत तेलाचे कण असतात. संचाचा मुखवटा प्रत्येक वापरानंतर धुवावा लागतो, झडपा तपासाव्या लागतात.

यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. दोन श्वसनसंच विकत घेणे सोपे आहे. पण भरण्याची सोय नसेल तर पाऊण तासानंतर ते दोन रिकामे डबे उरतात. लहान गावांत साधने अशी कपाटात बंद पडून राहतात ती मागची साखळी तुटलेली असते म्हणून.

चौथा विभाग : कार्यशाळा

मोठ्या दलांची स्वतःची कार्यशाळा असते आणि तिच्या कामाला कधी टाळ्या मिळत नाहीत. बंबाचे इंजिन वर्षभर उभे राहते आणि मग एका क्षणी त्याला पूर्ण ताकदीने चालावे लागते. इतर कोणत्याही मालमोटारीपेक्षा ही परीक्षा कठीण आहे. बॅटरी उतरलेली, पंपाची पॅकिंगे सुकलेली, हवा खेचून पाणी वर आणणारी यंत्रणा गळकी, ओल्या नळ्या गुंडाळून ठेवल्यामुळे कुजलेल्या, असे दोष आगीच्या वेळीच उघडकीस येतात. म्हणून रोज सकाळी इंजिन चालू करणे, आठवड्याला पंपातून पाणी मारून पाहणे, प्रत्येक नळी वापरानंतर उभी टांगून वाळविणे आणि ठरावीक मुदतीने दाब देऊन तपासणे, असा शिरस्ता असतो. नगर परिषदेत बंबाचा चालक बहुधा कचऱ्याच्या गाडीवर किंवा पाण्याच्या टँकरवरही असतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. रोजच्या तपासणीची वही कोणी मागत नाही, हा दोष कार्यालयाचा आहे.

पाचवा विभाग : विशेष पथके

महानगरांतील विशेष पथकांचे सर्वांना कुतूहल असते. मुंबईच्या दलाकडे नव्वद मीटरपर्यंत पोहोचणारी शिडी आहे. कोसळलेल्या इमारतीत काम करणारी, रसायनांच्या आगी हाताळणारी, पाण्यातून माणसे काढणारी पथके आहेत. तरीही ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीच्या आगीत तिचा भाग कोसळून संजय राणे, महेंद्र देसाई, सुधीर अमीन आणि खुद्द दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर असे चार अधिकारी प्राणास मुकले. लाकडी सांगाड्याची इमारत आगीत किती वेळ तग धरेल, हे ज्ञान किती मोलाचे आहे ते या घटनेने दाखविले. जुन्या वाड्यांच्या गावांना नव्वद मीटरची शिडी नको आहे. पण तुळई केव्हा ढासळते, हे कळणारा माणूस हवा आहे.

किंबहुना प्रत्येक प्रदेशाचे विशेष पथक त्या प्रदेशाच्या धोक्यांवरून ठरले पाहिजे. सातारा-सांगलीचे धोके कोणते? उभ्या उसाचा फड तारांच्या घर्षणाने पेटतो, तेव्हा बंब शेतात शिरू शकत नाही. पुढचा पट्टा तोडून आगीची वाट अडवावी लागते. कारखान्याच्या आवारातील बगॅसचा ढीग आतल्या आत धुमसतो. वरून ओतलेले पाणी ओघळून जाते आणि ढीग यंत्राने उकरूनच ओला करावा लागतो. मद्यार्काच्या टाकीची आग याहून निराळी. तेलावर पसरणारा साधा फोम मद्यार्कावर टिकत नाही, कारण मद्यार्क पाण्याशी मिसळतो आणि फोमचा थर फोडून टाकतो. त्यासाठी निराळ्या प्रकारचा फोम साठवावा लागतो. आणि कृष्णेचा पूर? ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली नाव उलटली आणि अनेकांना जलसमाधी मिळाली. नाव होती, नेण्याची तळमळ होती. पुराच्या पाण्यातील बचावाचे शिक्षण आणि प्रत्येकाच्या अंगावर तरंगजाकीट नव्हते.

यांतील एकही पथक एका लहान नगर परिषदेने स्वतंत्रपणे बाळगणे शक्य नाही आणि शहाणपणाचेही नाही. फोमचा साठा, हवेचा कॉम्प्रेसर, बचावाची नाव, फिरती कार्यशाळा या गोष्टी जिल्ह्यात दोन-तीन ठिकाणी ठेवून सर्वांनी वापरावयाच्या आहेत. आजही उसाला आग लागली की साखर कारखान्याचा बंब धावून येतो. औद्योगिक विकास महामंडळाचेही स्वतंत्र अग्निशमन दल आहे. ही मदत ओळखीपाळखीवर चालते. ती लेखी करारावर, ठरलेल्या खर्चावर आणि वर्षातून दोनदा होणाऱ्या संयुक्त कवायतीवर आणली पाहिजे. नळ्यांचे सांधे एकमेकांना जुळतात की नाही, हे तरी त्या निमित्ताने कळेल!

सहावा विभाग : न लागलेल्या आगी

शेवटी उरतो तो प्रतिबंधाचा विभाग. खरे तर तो पहिला मानावयास हवा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ या कायद्याने इमारतीतील आग प्रतिबंधक साधने सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक व भोगवटादार यांच्यावर टाकली. परवानाधारक अभिकरणाकडून तपासणी करून घेऊन दर वर्षी जानेवारी आणि जुलै या महिन्यांत तसे प्रमाणपत्र सादर करावयाचे असते. कायदा चांगला आहे. पण आलेले प्रमाणपत्र वाचणारा आणि न आलेल्याची आठवण करून देणारा माणूस नसेल तर तो कागदावरच राहतो. गावातील रुग्णालये, शाळा, मंगल कार्यालये, लोखंडी जाळ्यांनी खिडक्या बंद केलेल्या शिकवण्या, फटाक्यांची दुकाने यांची यादी दोन पानांत मावेल. दरवाजा बाहेर उघडतो का, जिन्याखाली सिलिंडर ठेवले आहेत का, मागची वाट कुलूपबंद आहे का, एवढे पाहण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. लागते ती नियमितता आणि ओळखीच्या माणसालाही नोटीस देण्याचे धैर्य. लहान गावात दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा दुर्मिळ, हे मान्य केले पाहिजे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, पगार भागविताना मेटाकुटीस येणाऱ्या नगर परिषदेने हे सारे करावयाचे कशातून? आक्षेप खरा आहे. परंतु पैसा अजिबात येत नाही असे नाही. २००६ च्या कायद्याने नव्या बांधकामांवर अग्निसेवा शुल्क आकारण्याची सोय केली आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्र सरकारने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी व आधुनिकीकरणासाठी पाच हजार कोटी रुपयांची योजना सुरू केली. असा पैसा आला की तो गाड्यांवर खर्च होतो, कारण गाडीचे उद्घाटन करता येते. तपासणीच्या वहीचे, विहिरींच्या नकाशाचे, प्रशिक्षित माणसाच्या पगाराचे उद्घाटन करता येत नाही. नागपूरला १९५७ पासून राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आहे, मुंबईत सांताक्रूझला राज्याचे प्रशिक्षण केंद्र आहे; तेथे शिकून आलेल्या माणसाला गावात कायमची जागा नसेल तर ते शिक्षण महानगरांच्याच पदरी पडते.

म्हणून वाटणी स्पष्ट असली पाहिजे. जे महाग आहे आणि क्वचित लागते, ते जिल्ह्याने मिळून ठेवावे : कॉम्प्रेसर, फोम, नाव, कार्यशाळा, विशेष पथके. जे स्वस्त आहे आणि पहिल्या दहा मिनिटांत लागते, ते गावाने स्वतःचे ठेवावे : एक क्रमांक, एक जागता माणूस, पाण्याचा नकाशा, रोजची तपासणी आणि गावातल्या धोक्यांची यादी. या दुसऱ्या यादीतील एकाही गोष्टीसाठी मंत्रालयाची वाट पाहावी लागत नाही. नगर परिषदेच्या येत्या अंदाजपत्रकी सभेत कोणी नव्या बंबाची मागणी केली तर ती जरूर करावी. पण त्याआधी सदस्यांनी एवढेच विचारावे की, आज रात्री दोन वाजता पेठेत आग लागली तर फोन कोण उचलणार, आणि आठ मिनिटांनंतरचे पाणी कोठून येणार? या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या गावाजवळ तयार आहेत, त्या गावाचे अग्निशामक दल खरोखर अस्तित्वात आहे असे म्हणता येईल.